तुम्ही विचारलंत म्हणून : ‘शांग-ची’ आवडला, तर मग शेवटाबद्दल तक्रार का?

चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांमध्ये मी हाँगकाँगच्या मारधाडपटांवर बोलते. त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हाँगकाँगच्या चित्रपटाविषयी नसून मार्व्हलच्या ‘शांग-ची अँड द लेजंड ऑफ द टेन रिंग्ज’ या २०२१ सालच्या चित्रपटाविषयी असतो. हा चित्रपट लोकांना एवढा आवडला, तर मग जो तो त्याच्या शेवटाबद्दल कुरकुर का करतो, असे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते. काहींना चित्रपट मनापासून आवडलेला असतो आणि इतरांची मते वाचून ते गोंधळलेले असतात. काहींना पहिला दीड तास आवडलेला असतो आणि नंतर नेमके काय बिनसले, याचा उलगडा हवा असतो. शिबिरात या प्रश्नाला पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात मला पटेल असे उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

चित्रपट आवडला, याबद्दल शंकेला जागा नाही. तो ३ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेव्हा करोनाची डेल्टा लाट ओसरलेली नव्हती, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीत अमेरिकी प्रेक्षक चित्रपटगृहाकडे फारसा वळत नाही, असा तिथल्या व्यवसायाचा जुना अनुभव होता. त्या सुट्टीच्या चार दिवसांत या चित्रपटाने तिथे सुमारे ९.४ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. त्या सुट्टीचा आधीचा विक्रम २००७ सालचा, सुमारे ३ कोटी डॉलरचा होता. जगभरातील कमाई पुढे ४३ कोटी डॉलरच्या वर गेली. पहिल्या खेळांनंतर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना थेट विचारून श्रेणी ठरवणाऱ्या सिनेमास्कोअर या संस्थेने त्याला ‘ए’ श्रेणी दिली. दोनच महिन्यांनी आलेल्या मार्व्हलच्याच ‘इटर्नल्स’ला त्याच संस्थेच्या पाहणीत ‘बी’वर समाधान मानावे लागले, यावरून मार्व्हलच्या नावावर प्रेक्षक डोळे झाकून टाळ्या वाजवत होते, असेही म्हणता येत नाही.

तरीही चित्रपट पाहिलेल्या माणसाला थोडे बोलते केले, की चित्र पालटते. बसमधल्या मारामारीबद्दल तो भरभरून बोलतो. नायकाच्या बापाची भूमिका करणाऱ्या टोनी लिउंगबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो. आणि शेवटच्या भागाकडे येताच ‘मग ते ड्रॅगन वगैरे सुरू होते’ असे म्हणून तो विषय आवरता घेतो. ही दोन परस्परविरोधी मते आहेत, असे समजून लोक मला प्रश्न विचारतात. मला मात्र ती एकाच मताची दोन रूपे वाटतात. या चित्रपटात जेव्हा एक माणूस दुसऱ्या माणसाशी लढतो आणि त्या लढण्यातून दोघांचे नाते पुढे सरकते, तेव्हा प्रेक्षक जीव मुठीत धरून पाहत असतो. आणि ज्या क्षणी लढणारी माणसे बाजूला होऊन पडदा प्रचंड प्राण्यांच्या ताब्यात जातो, त्या क्षणी त्याचा धागा सुटतो. प्रेक्षकाची दाद आणि त्याची तक्रार एकाच जाणिवेतून आलेली आहे.

हे पटवून देण्यासाठी बसच्या दृश्याकडे जरा जवळून पाहावे लागेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून एक जोडबस धावते आहे. हॉटेलबाहेर लोकांच्या गाड्या लावण्याचे काम करणारा शॉन, म्हणजे नाव बदलून राहणारा शांग-ची, आणि त्याची मैत्रीण केटी कामाला निघालेले आहेत. काही गुंड त्याच्या गळ्यातले पदक मागतात. तो त्यांना समजावण्याचा प्रयत्न करतो, मार खातो, आणि मग एका क्षणात त्याचे शरीरच बदलते. पाठीचा पोक जातो, पाय रुंदावतात, हात वर येतात. ज्याला आपण गेली काही मिनिटे खुशालचेंडू समजत होतो, त्याच्या बालपणी काहीतरी भयंकर घडलेले आहे, हे एकाही शब्दाशिवाय कळते. पुढे तो बसच्या अरुंद मार्गिकेत, खांबांना आणि पट्ट्यांना धरून लढतो आणि अंगातले जाकीटसुद्धा हत्यारासारखे वापरतो. जॅकी चॅनचे चित्रपट पाहत लहानाचे मोठे झालेल्या प्रेक्षकाला ही तऱ्हा तत्काळ ओळखीची वाटते. शिवाय बसचा ब्रेक तुटतो आणि केटीला चालकाची जागा घ्यावी लागते, त्यामुळे मारामारी चालू असताना प्रवाशांचा जीवही टांगणीला लागलेला राहतो.

ही ओळख योगायोगाने आलेली नाही. चित्रपटाच्या साहसदृश्यांची सूत्रे ब्रॅड ॲलन या ऑस्ट्रेलियन स्टंट दिग्दर्शकाकडे होती. जॅकी चॅनच्या स्टंट चमूत प्रवेश मिळालेला तो पहिला पाश्चात्त्य माणूस. लढतींची आखणी करणारा अँडी चेंगही त्याच चमूत घडलेला. ॲलन चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी गेला, आणि चित्रपट त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. हाँगकाँगच्या परंपरेत मारामारी रचणाराच बहुधा ती दृश्ये चित्रित करतो आणि त्यांच्या संकलनावरही त्याचा हात असतो. कॅमेरा लढणाऱ्याचे पूर्ण शरीर दिसेल इतका लांब ठेवला जातो. आणि फटका बसण्याआधी दृश्य तोडले जात नाही, ठोसा कोठून निघाला आणि कोठे बसला हे एकाच नजरेत दिसते. २००० नंतरच्या बऱ्याच हॉलिवूडपटांनी याच्या उलट वाट धरली. हलता कॅमेरा, क्षणाक्षणाला तुटणारे शॉट आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांतून मारामारीचा भास तयार करायचा, अशी ती रीत होती. सामान्य प्रेक्षकाला हा फरक नावानिशी सांगता येणार नाही, पण बसमधल्या दृश्यानंतर तो ‘काय कळत होतं सगळं!’ असे म्हणतो, तेव्हा तो याच कारागिरीला दाद देत असतो. माझ्या लेखी या चित्रपटाबद्दल प्रेक्षकांनी दिलेला तो सर्वांत नेमका अभिप्राय आहे.

दुसरे दृश्य चित्रपटाच्या आरंभीचे आहे. हजार वर्षे जगलेला आणि दहा कड्यांच्या बळावर साम्राज्ये उलथवणारा वेनवू, म्हणजे शांग-चीचा बाप, १९९६ मध्ये ता लो नावाच्या गुप्त गावाच्या शोधात एका जंगलात पोहोचतो आणि तिथे गावाची राखणदार यिंग ली, शांग-चीची होणारी आई, त्याची वाट अडवते. तो सरळ रेषेत, मुठी आवळून, जोर लावून लढतो. ती उघड्या तळव्यांनी, वर्तुळाकार फिरत, त्याचाच जोर वळवून त्याच्यावर उलटवते. पाने वाऱ्यावर उठतात, दोघांचे चेहरे जवळ येतात, दूर जातात, आणि लढत संपेपर्यंत हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा हरलेला असतो आणि प्रेमातही पडलेला असतो. उत्तम जुगलबंदीत दोन कलावंत एकमेकांना अजमावता अजमावता एकमेकांच्या सुरांत शिरतात, तसे येथे होते. वुशिया या चिनी परंपरेत, म्हणजे तलवारबाज वीरांच्या अद्भुतकथांमध्ये, प्रेम, वैर, गुरुभक्ती आणि विश्वासघात हे सारे लढतीतूनच सांगितले जाते. हॉलिवूडच्या महानायकपटात मारामारी आली की कथा थांबते, संवाद आले की पुन्हा सुरू होते. हे दृश्य त्या सवयीला छेद देते, आणि म्हणून ज्यांनी एकही वुशिया चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनाही ते लख्ख आठवते.

आता टोनी लिउंगकडे येते. प्रेक्षकांच्या मतांचा खरा केंद्रबिंदू तोच आहे. हाँगकाँगच्या या अभिनेत्याला २००० मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता आणि चिनी भाषक जगात तो कित्येक दशके आदराचे स्थान राखून आहे, तरी अमेरिकी स्टुडिओचा त्याचा हा पहिलाच चित्रपट. प्रदर्शनाच्या वेळी तो ५९ वर्षांचा होता. कागदावर वेनवू हा खलनायक आहे. पत्नीच्या खुनानंतर तो सात वर्षांच्या मुलाला मारेकरी बनवण्यासाठी घडवतो आणि चौदाव्या वर्षी त्याला सूड उगवायला पाठवतो. मुलीला तर तो शिकवतही नाही. ती पाहून पाहून स्वतःच शिकते. इतके सगळे असूनही प्रेक्षकाला त्याचा तिरस्कार करता येत नाही, कारण आपण त्याला सुखी असतानाही पाहिलेले असते. कडी उतरवून ठेवलेला हा माणूस बायकोमुलांसोबत घरात नाचाचा व्हिडिओ गेम खेळतो, एवढे एक छोटे दृश्य आहे. दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटनने ते ठेवले नसते, तर पुढच्या सगळ्या कथेचा भार पेलला गेला नसता. मेलेली पत्नी पर्वतातल्या दारामागून आपल्याला हाका मारते आहे, असे वेनवूला ऐकू येते आणि तिला सोडवण्यासाठी तो तिचेच गाव जाळायला निघतो. लिउंग हे वेड कोठेही ओरडून दाखवत नाही. तो मुलांसमोर जेवणाच्या टेबलाशी बसून शांतपणे बोलतो, आणि त्याच्या डोळ्यांतली आशा पाहून आपल्यालाच भीती वाटते. ‘खलनायक नायकापेक्षा सरस ठरला’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. मला ती तक्रार वाटत नाही. ही कथा बापाच्या दुःखाची आहे आणि मुलगा ते दुःख थांबवायला उभा राहतो. बाप जितका खरा होईल, तितके मुलाचे उभे राहणे कठीण होते.

वेनवूचे मोठेपण समजण्यासाठी तो कोणाच्या जागी आला, हेही लक्षात घ्यायला हवे. शांग-ची हे पात्र स्टीव्ह एंगलहार्ट आणि जिम स्टार्लिन यांनी १९७३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्ससाठी निर्माण केले. त्याच वर्षी ब्रूस ली गेला आणि त्याच्या ‘एंटर द ड्रॅगन’ने अमेरिकेत कुंग फूची लाट आणली. त्या लाटेवर स्वार होताना मार्व्हलने शांग-चीला बाप दिला तो फू मांचू. सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कादंबऱ्यांतला हा कपटी, क्रूर चिनी खलनायक म्हणजे चिनी माणसाविषयीच्या पाश्चात्त्य भीतीचा साचाच होता. जुन्या अंकांमध्ये चिनी पात्रांचे चेहरे अनैसर्गिक पिवळ्या-नारिंगी रंगात छापलेले आढळतात. चित्रपट करणाऱ्यांनी तो बाप पूर्णपणे काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रेम करणारा, चुकणारा, स्वतःच्या दुःखात बुडालेला माणूस आणला. कॉमिक्समधल्या बोटांतल्या दहा अंगठ्यांची त्यांनी मनगटावरची कडी केली. दक्षिण चीनच्या हुंग गार शैलीत हात कणखर करण्यासाठी अशी लोखंडी कडी घालून सराव करण्याची प्रथा आहे. ‘आयर्न मॅन ३’मध्ये बेन किंग्जलीने रंगवलेला खोटा दहशतवादी येथे पुन्हा येतो, तोही त्या जुन्या साच्याचा हिशेब चुकता करण्यासाठीच. आपल्याकडे किंग्जलीला १९८२ च्या ‘गांधी’मुळे घराघरांत ओळखतात, त्यामुळे त्याला गबाळ्या नटाच्या रूपात पाहून काहींचा विरस होतो, पण ते पात्र कथेत कशासाठी आहे, ते कळले की तो विरस राहत नाही.

आशियाई वंशाच्या अमेरिकी आणि कॅनेडियन प्रेक्षकांचे मत या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. करोनाच्या साथीनंतर तिथे आशियाई चेहऱ्याच्या माणसांवरचे हल्ले वाढले होते, आणि मार्च २०२१ मध्ये अटलांटा परिसरातील गोळीबारात मारल्या गेलेल्या आठ जणांपैकी सहा जणी आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत हा चित्रपट आला. प्रदर्शनाच्या तोंडावर मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेच्या तेव्हाच्या प्रमुखाने, चित्रपट आधी फक्त चित्रपटगृहांत दाखवण्याच्या निर्णयाला उद्देशून, हा एक प्रयोग असल्याचे म्हटले, तेव्हा मुख्य अभिनेता सिमू लिउ याने आम्ही प्रयोग नाही, असे जाहीरपणे सुनावले. लिउचा जन्म चीनमधल्या हार्बिनचा आणि तो वाढला कॅनडात. त्याच्यासारख्या घरांत वाढलेल्या प्रेक्षकांनी ड्रॅगनबद्दल फार काही म्हटलेले मला आढळले नाही. केटीच्या घरातली सकाळ त्यांना भावली. आजी आहे, ताटे मांडलेली आहेत, मुलगी चांगली शिकलेली असून गाड्या लावण्याचे काम का करते, असा आईचा सल आहे, गेलेल्या आजोबांची आठवण आहे. चित्रपटाची पहिली काही मिनिटे तर मँडरिन भाषेत, खाली इंग्रजी शब्द देऊन चालतात. एवढ्या खर्चाच्या अमेरिकी चित्रपटात आपल्या आईची भाषा अशी सहज ऐकू येणे, हे त्यांच्यासाठी कोणत्याही लढतीपेक्षा मोठे होते. या प्रेक्षकांच्या प्रेमाला ‘भावनेच्या भरातले’ म्हणून बाजूला सारणारी माणसे मला भेटतात आणि त्यांच्याशी मी ठामपणे असहमत आहे. पडद्यावर स्वतःचे घर पाहण्याची ज्यांना उपजतच सवय आहे, त्यांना त्या घराची किंमत कळायला थोडा वेळ लागतो.

चीनमध्ये मात्र चित्रपट चित्रपटगृहांत पोहोचलाच नाही. त्याचे अधिकृत कारण कधी जाहीर झाले नाही. फू मांचूशी असलेले मूळ नाते आणि सिमू लिउने पूर्वी एका मुलाखतीत आईवडिलांच्या आठवणींच्या आधारे चीनमधल्या गरिबीविषयी केलेली विधाने, या दोन गोष्टींची तिकडे चर्चा झाली. हाँगकाँग आणि तैवानमधल्या प्रेक्षकांनी तो पाहिला. चिनी भाषक प्रेक्षकांचे मत अमेरिकेतल्या मतापेक्षा सावध असते, यात मला नवल वाटत नाही. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा चित्रपट २००० मध्ये पश्चिमेत डोक्यावर घेतला गेला, तेव्हाही त्या परंपरेत वाढलेल्या अनेकांना त्यात फारसे नवे काही दिसले नव्हते. ज्यांनी बालपणापासून शेकडो वुशिया कथा ऐकल्या आणि पाहिल्या, त्यांच्यासाठी जंगलातले द्वंद्व ही पहिली भेट नसते, आणि लिउंगलाही ते फार आधीपासून ओळखत असतात. त्यांचे मोजमाप कडक असणारच.

महाराष्ट्रातल्या आपल्या मतांनाही एक वेगळे वळण मिळाले, त्याची नोंद कोणी फारशी घेत नाही. चित्रपट भारतात ३ सप्टेंबरलाच लागला, पण राज्यातली चित्रपटगृहे तेव्हा बंद होती. ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या आसनक्षमतेने उघडली, आणि १२ नोव्हेंबरला चित्रपट डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ प्रेक्षकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर. बसमधली मारामारी लहान पडद्यावरही तग धरते, कारण तिथे माणसाच्या आकाराची माणसे आहेत. शेवटचा भाग राखाडी आकाश, धूर, पाणी आणि पंख यांनी भरलेला आहे आणि सहा इंचांच्या पडद्यावर त्यातले काय कोठे आहे, हे शोधावे लागते. आपल्याकडे शेवटाबद्दलची नाराजी अधिक तीव्र ऐकू येते, त्याला हे एक कारण असावे, असा माझा कयास आहे. मोठ्या पडद्यावर तो भाग अधिक सुसह्य होतो, हे मी मान्य करते. पण सुसह्य होणे आणि रंगणे यांत अंतर आहे.

त्या शेवटच्या भागात नेमके काय घडते? ता लोच्या सरोवरापलीकडे, पर्वतातल्या दारासमोर, बाप आणि मुलगा समोरासमोर येतात. शांग-ची सुरुवातीला बापाने शिकवलेल्या पद्धतीनेच, आवळलेल्या मुठींनी लढतो आणि हरतो. मग मावशीने, म्हणजे मिशेल योच्या यिंग नानने, शिकवलेले त्याला उमगते. तो तळवे उघडतो आणि आईसारखा फिरू लागतो. दहा कड्यांपैकी पाच त्याच्याकडे येतात, पाच बापाकडे राहतात. वेनवूच्या हाती निळी दिसणारी कडी मुलाच्या हाती सोनेरी होतात. आपल्या बायकोच्या हालचाली मुलाच्या अंगात पाहून वेनवूच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते लिहून सांगण्यासारखे नाही. अखेरीस दहाही कडी शांग-चीकडे येतात, तो बापाला मारू शकतो, आणि तो ती खाली टाकून देतो. आरंभीच्या जंगलातल्या द्वंद्वाचा हा नेमका प्रतिसाद आहे आणि तो हातांच्या भाषेत दिलेला आहे. माझ्या मते चित्रपट येथे शिखरावर पोहोचतो.

पण तो येथे थांबत नाही. दारामागून आत्मे खाणारा राक्षस बाहेर पडतो. वेनवू मुलाला वाचवताना त्याच्या तावडीत सापडतो आणि जाता जाता कडी मुलाच्या हवाली करतो. हा क्षणसुद्धा उत्तम आहे, मात्र त्याच्या दुःखात शिरायला प्रेक्षकाला वेळच मिळत नाही. कारण लगेच गावाचा रक्षक ड्रॅगन आणि तो राक्षस यांची झुंज जुंपते, आणि ती बराच वेळ चालते. राक्षसाला चेहरा नाही, इच्छा नाही, शांग-चीशी नाते नाही. त्याला हरवून शांग-चीच्या मनातले काहीही सुटत नाही, कारण जे सुटायचे होते ते बापासमोर सुटून गेलेले आहे. आपल्या परंपरेत याला रसभंग म्हणतात. करुण रस टिपेला पोहोचलेला असताना त्यावर अद्भुताचा आणि भयानकाचा मारा झाला, तर प्रेक्षक दोन्हींना मुकतो. ‘शेवटी ड्रॅगन वगैरे सुरू होते’ या वाक्यामागे हीच जाणीव आहे, असे मी मानते. प्रेक्षकाला ड्रॅगनचे वावडे नाही. त्याला बापासाठी रडायचे होते.

ड्रॅगन त्या गोष्टीत मुळातच नको होता, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी याच कारणाने सहमत होत नाही. ता लोतले प्राणी उगाच कल्पिलेले नाहीत. चीनच्या ‘शान हाय जिंग’ या पर्वत-सागरांच्या प्राचीन ग्रंथात आणि लोककथांत त्यांची मुळे आहेत. नऊ शेपट्यांचा कोल्हा आहे, दाराशी बसणाऱ्या दगडी सिंहांचे सजीव रूप आहे, आणि बेन किंग्जलीच्या मागे मागे फिरणारा तो बिनचेहऱ्याचा, सहा पायांचा, पंखांचा गुबगुबीत जीवही त्या ग्रंथातलाच. त्याला तोंड नाही, तरी गाणे आणि नृत्य कळते, असे त्यात म्हटले आहे. लहान मुलांना तोच सर्वांत जास्त आवडतो, आणि त्यांची निवड रास्त आहे. ड्रॅगनही चिनी कल्पनेप्रमाणे बिनपंखांचा, पाण्यात राहणारा आणि कल्याणकारी दाखवला आहे; पाश्चात्त्य कथांतला आग ओकणारा, सोन्यावर बसून राहणारा सरपटणारा प्राणी त्यांनी आणला नाही, हे फार चांगले झाले. ज्या प्रेक्षकांना हा शेवट मनापासून आवडला, त्यांत या प्राण्यांना आजीच्या गोष्टींतून ओळखणारेही आहेत आणि मार्व्हलच्या चित्रपटाचा शेवट आभाळातच व्हायला हवा, अशी सवय झालेलेही आहेत. पहिल्यांचा आनंद मला कळतो. दुसऱ्यांच्या सवयीला स्टुडिओने इतका मान द्यायला नको होता. प्राणी राहू द्यायचे आणि राक्षसाची झुंज बाप-लेकाच्या द्वंद्वाआधी संपवायची, एवढा क्रम बदलला असता, तरी आजच्या निम्म्या तक्रारी उरल्या नसत्या.

केटीबद्दलही विचारले जाते. केटी रंगवणाऱ्या ऑक्वाफिनाची बडबड काहींना असह्य होते, आणि एका दिवसाच्या सरावावर केटीने राक्षसाच्या गळ्यात नेमका बाण मारणे अनेकांना खटकते. बाणाचे खटकणे योग्य आहे. ज्या चित्रपटात प्रत्येक कौशल्यामागे वर्षांची मेहनत दाखवली आहे, तिथे ही सवलत शोभत नाही. बडबडीचे म्हणाल, तर ती मला चालते, कारण शांग-चीने दहा वर्षे जे सामान्य आयुष्य जगून पाहिले, ते पडद्यावर केटीच्या रूपानेच उभे राहते. शांग-चीच्या बहिणीचे, शियालिंगचे, काम करणाऱ्या मेंगर झांगचा हा पहिलाच चित्रपट, आणि दोरीच्या टोकाला बांधलेल्या पात्याने ती ज्या आवेशात लढते, त्याची दाद प्रेक्षकांनी पुरेशी दिली नाही, असे मला वाटते.

राहिला एक उपप्रश्न, जो शिबिर संपल्यावर दाराशी गाठून विचारला जातो: कुंग फू चित्रपटांची ओळख नसलेल्याने हा पाहावा का? अवश्य पाहावा. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावा आणि हिंदी आवृत्ती उपलब्ध असली तरी मूळ ध्वनीसह पाहावा. वेनवू आणि यिंग ली एकमेकांशी मँडरिनमध्ये बोलतात, मुलांच्या तोंडी दोन्ही भाषा येतात, केटीला चिनी नीट येत नाही म्हणून तिच्याशी लोक इंग्रजीत वळतात. या घराचा कोणता माणूस कोणापासून किती दूर गेला आहे, हे त्या बोलण्यातून आपोआप समजत जाते, आणि पुढे पर्वतासमोर बाप-लेक एकमेकांपुढे उभे राहतात तेव्हा त्या अंतराची आठवण असलेला प्रेक्षक ती लढत अधिक चांगली पाहतो.